जवळ्याच्या पुडीतला खुनी

विठोबा तांडेलाने घरचा पेपर बंद केला, आणि सगळं तिथून बिघडलं.

बंद करायला कारण होतं. विठोबा विनाकारण काही करत नाही. वर्षातून एकदा तो अलिबागला जाऊन सिनेमा बघतो. एकच, आणि तोही खुनाचा. यंदाचा सिनेमा ठरला होता, इस्त्रीचा सदरा खुंटीला लागला होता, आणि नेमक्या त्याच सकाळी पेपरात कोणा शहाण्याने त्या सिनेमावर अर्धं पान भरून लिहिलं. गाणी कशी आहेत, मारामारी कशी आहे, आणि शेवटच्या ओळीत, 'खून नायकाच्या सख्ख्या भावाने केलेला असतो, हे मात्र पटत नाही.'

विठोबाने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. (चौथी पास माणूस बोट ठेवूनच वाचतो. त्यात लाज कसली?) मग त्याने चष्मा काढला.

"पटत न्हाय तर नको पटू दे!" तो ओट्यावरून ओरडला. "पण सांगितलंस कशाला?"

रस्त्यावरून जाणारा एक माणूस दचकून थांबला आणि आपण काय सांगितलं ते आठवू लागला.

दुसऱ्या दिवशी विठोबाने पेपरवाल्याला दारातच अडवलं. "उद्यापासून टाकू नको. शेवट फोडणारा पेपर माझ्या घरात नको."

आतून केसरने, म्हणजे त्याच्या बायकोने विचारलं, "मग मी सुकट कशात बांधू?"

केसर रेवदंड्याच्या बाजारात सुकी मासळी विकते. जून-जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, ताजं काही नाही, मग गिऱ्हाईक सुकटीवर, जवळ्यावर, सोड्यांवर, बोंबलावर तुटून पडतं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून ती पुड्या कागदातच बांधते.

"कशातही बांध," विठोबा म्हणाला.

माणसाने बोलताना जरा विचार करावा. विठोबाने तो केला नाही.

विठोबाचं वय त्र्याहत्तर. त्यातली चाळीस वर्षं तो तांडेल होता, म्हणजे होडीवर त्याचा शब्द शेवटचा. आता होडी मुलगा चालवतो आणि विठोबाकडे फक्त शब्द उरलेत. ते तो सिनेमा, मालिका आणि पुस्तकांची दुकानं यांच्यावर खर्च करतो.

सिनेमाबद्दल त्याचं मत वाईट होतं. एका सिनेमात नायक वादळात होडी हाकत होता आणि सुकाणू मोटारीच्या चाकासारखं गरागरा फिरवत होता. विठोबा थिएटरात उभा राहून म्हणाला, "अरे बुडवशील!" मागच्याने खाली बसायला सांगितलं. विठोबा खाली बसला, पण ती होडी बुडली नाही याबद्दल त्याने त्या सिनेमाला आजतागायत माफ केलेलं नाही.

मालिकांबद्दल त्याचं मत त्याहून वाईट होतं. मालिकेतल्या बायका भरजरी शालू नेसून झोपतात. माणूस मरतो आणि गणपतीनंतर परत येतो. आणि मुख्य म्हणजे, मालिका संपत नाही. जे संपत नाही त्याला गोष्ट म्हणायचं कसं?

राहिली पुस्तकं. विठोबाने आयुष्यात एकाच लेखकाची पुस्तकं वाचली, आणि त्यातही एकाच माणसाची. तो माणूस म्हणजे हवालदार खरवते. जाड, मिशीवाला, खिशात शेंगदाणे. मोठे साहेब चुकतात, खरवते चुकत नाही. (शिक्षणही त्याचं चौथीच होतं. ही गोष्ट विठोबाला फार महत्त्वाची वाटे.) खरवत्याची चोवीस पुस्तकं. तेवीस विठोबाने वाचली होती. चोविसावं, 'बंद गोदामातला आठवा माणूस', त्याला कुठे मिळत नव्हतं.

ते अलिबागला परेशभाईच्या दुकानात मिळालं. एके काळी हे दुकान म्हणजे दुकान होतं. छताला टेकलेली पुस्तकं, मध्ये शिडी, शिडीवर परेशभाईचे वडील. आता दारातच वाढदिवसाच्या टोप्या लटकतात. आत कंपास, डबे, पाण्याच्या बाटल्या, सेल्फीच्या काठ्या. पुस्तकांचं कपाट पार मागे, बाटल्यांच्या खोक्यांआड.

"पुस्तकाच्या दुकानात पुस्तक शोधायला खोकी उचलावी लागतात?" विठोबा कडाडला होता. "लाज न्हाय वाटत?"

"काका, वाटते ने," परेशभाई म्हणाला. "पण बाटली खपते." मग त्याने धूळ झटकून पुस्तक पुढे केलं. "ही छेल्ली, शेवटची कॉपी. लेखक गेला, छापणारा गेला. आता हे पुस्तक माहीत असलेले आपण दोघंच."

विठोबाने ते सदऱ्याच्या आत, छातीशी धरून आणलं.

आता त्याची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिनेच केला. विठोबाच्या होडीवर नियम होता. निघताना गोड्या पाण्याचं एक पिंप वेगळं बांधून ठेवायचं. त्याला परतीचं पाणी म्हणायचे. कितीही तहान लागो, तोंड किनाऱ्याकडे वळल्याशिवाय त्या पिंपाला कोणी हात लावायचा नाही. चाळीस वर्षं हा नियम मोडला नाही, आणि चाळीस वर्षांत त्याच्या होडीवर कोणी तहानेने तळमळलं नाही.

तोच नियम पुस्तकाला. नवं पुस्तक आणलं की विठोबा पहिल्याच दिवशी त्याचं शेवटचं प्रकरण सुरीने अलगद सोडवून घेई, सुतळीने बांधी आणि लपवून ठेवी. स्वतःपासूनच. रहस्य ऐन भरात आलं की भल्याभल्यांचा हात शेवटच्या पानाकडे जातो. विठोबाचा जात नाही, कारण तिथे पान नसतं.

या वेळी त्याने ते प्रकरण माळ्यावरच्या रद्दीच्या टोपलीत, अगदी तळाशी ठेवलं. पानं १६१ ते १७२. रद्दीत चांगला कागद कोण शोधणार? हुशार माणसाने निवडलेली जागा होती.

मासेमारी बंदीच्या दिवसांत खाडीकडेच्या शेडमध्ये गावचे लोक जाळी विणत बसतात. रोज पाच वाजता विठोबा तिथे एक प्रकरण मोठ्याने वाची. त्याआधी सकाळी घरी ओट्यावर रंगीत तालीम होई, तीही मोठ्याने. शेवटच्या प्रकरणाच्या आदल्या दिवशी तो खुन्याचं नाव जाहीर करी. तेवीस पुस्तकं, तेवीस नावं, तेवीसही बरोबर. लोक जाळ्याची सुई हातात धरून थक्क होत.

"तुला कळतं कसं, तांडेल?"

"मला जेवताना सुचतं," विठोबा सांगे. "पोटात अन्न गेलं की माझा मेंदू चालतो."

या शेडमध्ये एकच माणूस थक्क होत नसे. मोरू. तीस वर्षं विठोबाच्याच होडीवर खलाशी. तीस वर्षं त्याने विठोबाचं ऐकून घेतलं, आणि होडीवरून उतरल्यापासून एक शब्द ऐकायला तयार नव्हता. मोरूच्या पोराने भिंतीएवढा टीव्ही घेतला होता. संध्याकाळी साडेसातला मोरूची मालिका. अकरा वर्षं त्याने एक भाग चुकवला नव्हता.

शनिवारी विठोबाने नाव जाहीर केलं. "कंपाउंडर. खून कंपाउंडरने केला."

"आणि चुकला तर?" मोरू म्हणाला.

"विठोबा चुकत न्हाय."

"चुकलास तर बंदी उठेपर्यंत रोज साडेसातला माझ्या घरी येऊन मालिका बघायची. तोंड मिटून. बरोबर आलास तर माझा टीव्ही नारळी पुनवेपर्यंत बंद."

शेडमधल्या सुया थांबल्या. अकरा वर्षांची मालिका पणाला लागली होती, आणि दुसऱ्या बाजूला विठोबाचं नाव.

"कबूल," विठोबा म्हणाला.

खरं सांगायचं तर या वेळी जेवताना काही सुचलं नव्हतं. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, त्यावरून तो चिडलेला होता, आणि केसर मध्येच म्हणाली होती, "मला तो वॉचमन बरा दिसत न्हाय." विठोबाने तिला तिथेच थांबवलं होतं. "तू मिठाकडे बघ." मग त्याने स्वतः विचार करून कंपाउंडर ठरवला. (एकदा एका कंपाउंडरने त्याला इंजेक्शन दिलं होतं. हात आठ दिवस सुजला होता.)

रविवारी सकाळी विठोबा माळ्यावर चढला आणि टोपलीत हात घातला. तळ हाताला लागला. त्याने टोपली उलटी केली. एक झुरळ पडलं.

"केसर!"

केसर पोळ्या लाटत होती.

"टोपलीतले कागद कुठं हायत?"

"संपले. पेपर बंद केलात ना तुम्ही? काल बाजारात तेच नेले."

"तळाला सुतळी बांधलेला गठ्ठा होता!"

"व्हय तर. चांगला जाड कागद. सुतळीपन कामाला आली."

विठोबा शिडीवरच बसला. चाळीस वर्षं समुद्रात काढली, वादळं पाहिली, एकदा तर इंजीन बंद पडून तीन दिवस वाहत गेला. पण परतीच्या पाण्याच्या पिंपाला कधी घरच्याच माणसाने भोक पाडलं नव्हतं.

"ती कादंबरी होती!"

"मला काय म्हायत? मी म्हटलं, रद्दीच्या टोपलीत हाय म्हणजे रद्दी."

 विठोबा जास्त जोरात ओरडला.

आवाज ऐकून सून बाहेर आली. अमिषा पतसंस्थेत कामाला आहे, आणि तिला कुठल्याही गोंधळाची यादी करायची सवय आहे. तिने प्रश्न विचारले. पानं बारा, म्हणजे कागद सहा, पुडीला दोन, म्हणजे पुड्या तीन. "आई, कोणाकोणाला दिल्या?"

केसरला लिहिता येत नाही, पण कोणी काय नेलं ते तिला तोंडपाठ असतं. "सोड्याची पुडी चौलच्या मास्तरीणबाईंना. बोंबलाची नागावच्या स्वप्निलला, तो पाव्हणे ठेवतो ना, त्याला. आणि तिसरी जवळ्याची..." ती थांबली. पोळी उलटली. "तिसरी कोणाला दिली बाई... आठवत न्हाय."

"आठव!"

"ओरडलात तर अजून विसरेन."

अमिषाने स्कूटी काढली. "बसा, मामा."

सुनेच्या मागे बसून गावातून जायचं, हा प्रसंग विठोबावर कधी आला नव्हता. वरून पाऊस. अमिषाने त्याला आपला जादा रेनकोट दिला. तो गुलाबी होता. विठोबा त्यात ताठ बसला आणि ओळखीचं कोणी दिसलं की समुद्राकडे बघू लागला. (चौलला जाताना समुद्र दिसत नाही. पण तो बघत होता.)

चौलच्या मास्तरीणबाई निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. त्यांनी दोन्ही कागद टेबलावरून आणून दिले. त्यावर जागोजागी लाल शाई होती. ऱ्हस्वाला दीर्घ केलेलं होतं, समासात 'वाक्य फार लांब' असं लिहिलं होतं आणि पान १६४ च्या खाली गोल करून दहापैकी चार.

"चार?" विठोबाचा आवाज चिरकला. "खरवत्याला चार?"

"सवय हो," बाई म्हणाल्या. "कागद दिसला की हात थांबत नाही. शुद्धलेखन अगदीच वाईट. पण एक सांगा, गोदामाची दुसरी चावी कोणाकडे होती?"

"तेच शोधतोय!"

"कळलं की कळवा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सोडे भिजत घालायचे विसरले मी."

या एका वाक्यावर विठोबाने त्यांना माफ केलं. चार मार्क मात्र लक्षात ठेवले.

नागावला स्वप्निलच्या घरी मुंबईचे पाहुणे जेवत होते. स्वप्निलने बांबूच्या टोपलीत कागद पसरून त्यावर तळलेले बोंबील मांडले होते. पाहुण्यांना म्हणे अस्सल गावाकडचं काहीतरी लागतं. एक जाडसा पाहुणा त्या टोपलीचा फोटो काढत होता. विठोबाने गुलाबी रेनकोटातून पाणी निथळत पुढे होऊन कागदाचं टोक धरलं. पान १६५.

"काका, मी अजून खातोय," पाहुणा म्हणाला.

"बोंबील तू खा. कादंबरी माझी हाय."

"हे... हे पॅकेजमध्ये आहे का?" पाहुण्याने स्वप्निलला हळूच विचारलं. स्वप्निलने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. पाहुण्याने विठोबाचाही फोटो काढला.

दोन्ही कागद मिळाले. तेलाने ते असे झाले होते की १६५ आणि १६६ एकदम वाचता येत होती. त्यामुळे खरवते बोलत असतानाच दुसरीकडे विधवा रडताना दिसत होती.

तिसरी पुडी मिळाली नाही. परत येऊन विठोबाने केसरला चार वेळा विचारलं. चारही वेळा ती काहीतरी निवडत होती.

पाच वाजले. शेड भरली होती. विठोबाने आठ पानी मजकूर वाचला, लाल शाईसकट, वासासकट. खरवत्याने सगळ्यांना गोदामात जमवलं. दार लावून घेतलं. खिशातून शेंगदाणे काढले. पान १६८ संपलं.

विठोबाने घसा खाकरला. "पुढचं उद्या."

"उद्या का?" मोरूने विचारलं.

"घसा बसलाय."

"घसा न्हाय बसला, तांडेल. पानं न्हायत तुझ्याजवळ." मोरू उठून उभा राहिला. होडीवर तीस वर्षांत तो इतका ताठ कधी उभा राहिला नव्हता. "१६९ ते १७२ माझ्या घरी हायत. आमच्या तुळशीने काल वहिनींकडून जवळा घेतला. जवळा खाल्ला. पानं ठेवली."

विठोबाला केसरची न आठवणारी पुडी एकदम आठवली. कोणी काय नेलं ते तोंडपाठ असणारी बाई नेमकी मोरूच्या बायकोलाच विसरली होती.

"दे इकडे!"

"देतो की. साडेसातला घरी ये. आज रविवार, महाएपिसोड हाय, दोन तासांचा. मध्ये जाहिराती लागतात. जाहिरातीत वाचून दाखवतो."

"आत्ता वाच!"

"न्हाय. होडीवर तू सांगशील तेव्हाच जेवायचो ना आम्ही? घरात मी सांगीन तेव्हा."

साडेसातला मोरूच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. शेडमधले सगळे आले होते. बायका दाराशी बसल्या होत्या, त्यात केसर, मांडीवर निवडायच्या सुकटीने भरलेलं सूप. विठोबाला मोरूने सगळ्यात पुढची प्लॅस्टिकची खुर्ची दिली, भिंतीएवढ्या टीव्हीपासून दोन हातांवर. मालिका सुरू झाली. थोरल्या सुनेची अंगठी चोरीला गेली होती.

"कधी गेली?" विठोबाने न राहवून विचारलं.

"गुढीपाडव्याच्या आधी," तुळशीने सांगितलं.

"पाडव्याच्या? आणि अजून सापडत न्हाय? एक अंगठी? एका घरात?" विठोबा खुर्चीतून अर्धा उठला. "खरवते असता तर चहा थंड व्हायच्या आत..."

"तोंड मिटून, तांडेल," मोरू म्हणाला.

पहिली जाहिरात लागली. मोरूने खिशातून पानं काढली, बोट ठेवलं आणि विठोबापेक्षाही सावकाश वाचायला लागला. "'तुमच्यापैकी एकाने,' खरवते शेंगदाणा सोलत म्हणाला, 'त्या रात्री...'"

जाहिरात संपली. मोरूने पानं घडी करून खिशात टाकली.

विठोबाने त्या खिशाकडे एकदा बघून घेतलं. दुसऱ्याच्या खिशात हात घालणारा माणूस तो नव्हता. (शिवाय मोरू जाळं ओढून ओढून मजबूत झाला होता.) तो बसून राहिला. सून रडली. सासूने तीन वेळा मान वळवली, तिन्ही वेळा ढोल वाजले. दुसऱ्या जाहिरातीत खरवत्याने दुसरा शेंगदाणा सोलला. तिसऱ्या जाहिरातीत विधवा सुटली. चौथ्या जाहिरातीत मुनीम सुटला. पाचव्या जाहिरातीत खरवते कंपाउंडरसमोर उभा राहिला.

शेडमधले लोक पुढे सरकले. विठोबाने छाती पुढे काढली.

"'कंपाउंडर,'" मोरू वाचू लागला, "'तू त्या रात्री खोटं बोललास...'" त्याचा चेहरा पडला. अकरा वर्षांची मालिका त्याच्या डोळ्यांसमोरून सरकली असावी. त्याने टीव्हीकडे प्रेमाने एकदा बघून घेतलं.

"वाच!" विठोबा गरजला.

"'...खोटं बोललास, कारण तू तमाशाला गेला होतास. घरी जा.'"

कोणीतरी फिस्सकन हसलं. टीव्हीवर मालिका परत सुरू झाली होती, पण आयुष्यात पहिल्यांदा मोरूचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचं बोट भराभर पुढे सरकत होतं.

"'आणि वॉचमन, तू म्हणतोस रात्रभर दारात उभा होतास. मग सकाळी आम्ही आलो तेव्हा तुझी दाढी गुळगुळीत आणि केसांना तेल कसं?' वॉचमनच्या हातातली काठी गळून पडली."

मोरूने मान वर केली. "कंपाउंडर कुठं गेला, तांडेल?"

"तमाशाला!" मागून चार जण एकदम म्हणाले, आणि घर हसण्याने दणाणलं.

विठोबाने दाराकडे पाहिलं. केसर हसत नव्हती. ती खाली मान घालून सुकटीतून बारीक खेकडे वेचत होती. तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं.

घरी जाताना पाऊस होता. छत्री एकच होती. अर्ध्या वाटेत विठोबा थांबला.

"तुला वॉचमन आधीच ठाऊक होता."

"मी सांगितलं होतं ना जेवताना."

"पुडी बांधताना वाचलंस तू!"

केसर जागच्या जागी उभी राहिली. "अवो, मला वाचता आलं असतं तर तुमच्या कादंबरीत जवळा बांधला असता का?"

विठोबाने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं.

"तुम्ही ओट्यावर वाचता, मी आत सुकट निवडता निवडता ऐकते. तिसऱ्या प्रकरणात आलं होतं, वॉचमन दाढी करून तेल लावून आला. रातभर जागलेला माणूस कुठं असा दिसतो? तुम्ही होडीवरून यायचात तेव्हा कसे दिसायचात, मी बघितलंय की." ती चालू लागली. "दर वेळेला सांगते मी. आधीच्या पुस्तकातला तो मुनीम सांगितला, तो पोस्टमन सांगितला, ती आंधळी म्हातारी सांगितली. तुम्ही हूं म्हणायचात, भात कालवायचात, आणि मग शेडमधे जाऊन सांगायचात. या खेपेला आमटीत मीठ नव्हतं, म्हणून ऐकलं न्हाय."

विठोबा पावसात उभा होता. छत्री केसरबरोबर पुढे गेली होती. तो तेवीस जेवणं आठवत होता. आंधळ्या म्हातारीच्या दिवशी कालवांचं कालवण होतं. नाव केसरनेच सांगितलं होतं. पोस्टमनच्या दिवशी भरली वांगी. तेव्हाही तिनेच. मेंदू चालायचा हे खरं होतं. फक्त तो ताटाच्या पलीकडच्या बाजूला चालायचा.

"हे कोणाला सांगितलंस?" त्याने गाठून विचारलं.

"मी शेवट फोडणारी न्हाय," केसर म्हणाली.

पैज म्हणजे पैज. सोमवारपासून रोज साडेसातला विठोबा मोरूच्या घरी त्या खुर्चीत बसू लागला. तोंड मिटून. पण चौथ्या दिवशी मोरूने सगळ्यांसमोर खवचटपणे विचारलं, "तांडेल, एवढा खुनी ओळखणारा तू. अंगठी कोणी चोरली सांग बघू?"

 विठोबाचं गेलेलं नाव परत येण्याची एवढी एकच वाट होती.

"जेवल्यावर सांगतो," तो म्हणाला.

त्या दिवसाच्या आमटीत मीठ नव्हतंच. विठोबाने ती वाटीभर प्यायली, वर आणखी मागितली आणि छान झालीय असं दोनदा म्हणाला. मग अगदी सहज, भात कालवता कालवता, त्याने विचारलं, "ती अंगठी... तुला काय वाटतं?"

केसरने उत्तर दिलं नाही. तिने आतून निवडायच्या सुकटीने भरलेलं सूप आणलं आणि त्याच्यासमोर ठेवलं.

"कळलंय मला कोणी चोरली ते," ती म्हणाली. "आधी एवढी निवडून काढा. बारीक खेकडे राहता कामा न्हायत."

रेवदंड्याला अलीकडे लोकांना एक नवल दिसतं. चाळीस वर्षं तांडेल असलेला विठोबा रोज सकाळी ओट्यावर मांडी घालून, चष्मा लावून, बोट ठेवून सुकट निवडतो. कोणी विचारलं तर तो रागाने सांगतो, डोळ्यांना व्यायाम होतो. घरात पेपरही परत सुरू झालाय. तो कोणी वाचत नाही. आला की थेट टोपलीत जातो.